जनावराचं की झाडाचं

ज्या घरात लहान मुलाला दूध चालत नाही, आणि दुधाऐवजी आणलेलं सोयाचं दूधही चाललं नाही, त्या घरातल्या आईसाठी मी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही. फक्त मधेमधे "हॅ, असं कुठं असतं का" म्हणू नये, कारण तेवढं म्हणायला माझ्या घरात माणसं आहेत.

आमच्या घरात माझ्या बोलण्यावर वटाव कापतात. कापडाच्या सौद्यात ठरलेल्या भावातून थोडं वजा करतात, त्याला वटाव म्हणतात. मी म्हटलं लग्नाला हजार माणूस होतं, की आमचे हे शांतपणे म्हणणार, "म्हणजे दोनशे." माझा तरी काय इलाज? लग्न होऊन मी भिवंडीत, नारपोलीला आले ती लूमच्या डोक्यावर. खाली आमचे लूम, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, वर आमच्या दोन खोल्या. आवाज असा की भिंतीवरची पालसुद्धा ओरडून चुकचुकायची. अशा घरात एकाचं चार करून सांगितलं नाही तर एकही पोचत नाही. सवय लागली ती लागली.

ही गोष्ट मात्र हात आखडून सांगणार आहे. जिथे वाढवीन तिथे तुम्हाला कळेलच.

दुधाचं घर

सासूबाई जवळच्याच शेलार गावी राहायच्या, आपल्या दोन म्हशींजवळ. त्यातल्या चंद्रीच्या दुधाची साय एवढी जाड यायची की वर मांजर झोपलं असतं तरी बुडलं नसतं. रोज सकाळी दुधाची किटली घेऊन त्या नारपोलीला यायच्या, दुपारपर्यंत नातीजवळ थांबायच्या आणि संध्याकाळच्या धारेला परत जायच्या. मी त्या वेळात खाली सुताच्या कांड्या भरायला बसायचे.

नात म्हणजे आमची वैशू. तिचं वर्ष उलटलं, माझं अंगावरचं दूध आटलं, आणि चंद्रीचं दूध सुरू झालं. सासूबाईंनी पहिली वाटी पाजली ती देवाला दिवा लावून. त्या दिवसापासून पोरीच्या तोंडाभोवती लाल गांध्या उठायला लागल्या. मी ओरडून सांगितलं, "पोरीचं तोंड भोपळ्याएवढं सुजलंय." ह्यांनी वटाव कापला आणि म्हणाले, "दात येत असतील." सासूबाई म्हणाल्या, "उष्णता हाय. दूद वाढव." वाढवलं.

शुक्रवार

आमच्याकडे शुक्रवारी लूम बंद असायचे. त्या दिवशी घर इतकं गप्प व्हायचं की कान दुखायचे. अशाच एका शुक्रवारी सकाळी मी वैशूला दूध पाजलं, खांद्यावर टाकलं, आणि मला शिट्टी ऐकू आली. बारीक, लांबून येणारी. मी खिडकीतून बाहेर बघितलं, कोण वाजवतंय म्हणून. बाहेर कोणी नव्हतं. शिट्टी माझ्या खांद्यावर वाजत होती. पोरीच्या छातीत.

मी ह्यांना हाक मारली. काही वाढवून सांगायची गरज पडली नाही, कारण त्यांनाही ऐकू येत होतं. ते नुसते उभे राहून ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे रोज होत असेल का गं?"

 किती दिवस ती शिट्टी वाजत होती आणि आम्ही वर बसून फक्त लूम ऐकत होतो, कोणास ठाऊक.

दोन शब्द

मुलांच्या डॉक्टर होत्या एक बाई, गावात त्यांचा छोटा दवाखाना आणि वर चार खाटा. मी त्यांच्यापुढे सुरू केलं: भोपळा, टोमॅटो, आगीचा डोंब. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सुलोचनाबाई, भोपळा लहान असतो, मोठाही असतो. ओठ सुजतो का?"

"सुजतो."

"कुठला?"

"वरचा."

"दूध प्यायल्यावर किती वेळात?"

मी विचार केला. "ओटा पुसून होईपर्यंत."

"हे बघा," त्या म्हणाल्या, "हे मला उपयोगाचं आहे."

मग त्यांनी दुधाची ॲलर्जी म्हणजे काय ते सांगितलं. मला त्यातलं एवढंच कळलं की पोरीचं शरीर दुधाला शत्रू समजतं. दुधाच्या घरात जन्मलेली पोर. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून चंद्रीवर काढला. म्हशीचं, गाईचं, सगळं बंद. दही, ताक, लोणी, तूप, पेढा, बाहेरची बिस्किटं, काही नाही. डॉक्टरांनी हे सगळं सावकाश, एकेक करून सांगितलं. मी ऐकलं आणि पाळलंही.

पण घरी परतले तेव्हा लूम चालू होते. सासूबाई वर जिन्याच्या तोंडाशी उभ्या. "काय सांगितला डाक्टरनी?" असं त्यांचे ओठ विचारत होते. लूमच्या आवाजात लांब वाक्य टिकत नाही, चार शब्दांतले दोन पोचतात. म्हणून मी दोनच शब्द ओरडले.

"दूध बंद."

आयुष्यात एकदाच मी कमी बोलले, आणि तेच अंगाशी आलं.

डबा

दुधाऐवजी डॉक्टरांनी सोयाचं दूध सांगितलं. पावडरचा डबा भिवंडीत मिळेना, हे ठाण्याहून घेऊन आले. त्याला भिजून वाळलेल्या पोत्याचा वास यायचा. वैशू तोंड असं मिटायची की पहार घालून उघडलं नसतं. तरी मी गुळाचं पाणी घालून, गाणी म्हणून, कावळे-चिमण्या दाखवून पाजलं. थोडे दिवस वाटलं, जमलं. मग जुलाब लागले. एका सकाळी लंगोटात रक्ताची रेघ दिसली.

ह्या वेळी मी डॉक्टरांना एवढंच म्हटलं, "दोऱ्याएवढी रेघ. लाल." त्यांनी डबा त्याच दिवशी बंद केला. ज्यांना दूध सोसत नाही त्यातल्या काही मुलांच्या आतड्याला सोयाही सोसत नाही, म्हणाल्या. वैशूला त्यांनी काट्यावर ठेवलं तर काटा मागच्या वेळेपेक्षा खाली. मी कपडे काढून ठेवलं होतं म्हणून असेल, असं मीच मला सांगितलं. मागच्या वेळीही कपडे काढूनच ठेवलं होतं.

मग आली सल्ले देणाऱ्यांची जत्रा. एकजण म्हणाला शेळीचं दूध. एकजण म्हणाली गाढविणीचं. आमच्याकडचा उत्तरेकडून आलेला जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, म्हणाला, "भाभी, बच्ची को माँड पिलाइये." आता आमच्या भागात माँड म्हणजे सुताला लावायची खळ. मी लाटणं घेऊन त्याच्या मागे निम्म्या नारपोलीतून धावले. निम्म्या म्हणजे खालच्या दारापर्यंत. तिथे तो हात जोडून म्हणाला, "भाभी, हमारे गाँव में चावल के पानी को बोलते हैं." म्हणजे आपली पेज. बिचारा चांगलंच सांगत होता.

एक बरं केलं मी, जे जे कोणी सुचवलं ते पोरीच्या तोंडात घालायच्या आधी डॉक्टरांच्या कानावर घातलं. शेळीला त्यांनी साफ नाही सांगितलं. गाईच्या दुधाला जे शरीर चिडतं ते शेळीच्या दुधालाही बहुतेक चिडतंच. पेजेला हो म्हणाल्या, पण नुसत्या पेजेवर मूल वाढत नाही असंही म्हणाल्या. मग एक वाक्य बोलल्या ते मी विसरले नाही.

"तुम्ही सगळे पेल्यात भरायला काहीतरी पांढरं शोधताय. तिला पांढरं नकोय. दुधातून जे मिळायचं ते हवंय. ते ताटातूनही मिळतं."

शेजारच्या हमीदाखालांनी ते लगेच मनावर घेतलं. त्यांच्या घरी तांदळाच्या भाकरीबरोबर नारळाचं दूध घालून केलेलं सार असायचंच. वैशूसाठी त्या तिखट न घालता वाटीभर वेगळं काढून द्यायच्या. "पोरीला भाताव घालून दे गो, सुलोचना," म्हणायच्या. मी खाली जाताना वाटी फळीवर ठेवून जायचे. दुपारी वर यायचे तर वाटी घासलेली, पालथी. मला वाटायचं पोर खातेय.

आणि तरी गांध्या उठत होत्या. शुक्रवारी शिट्टी वाजत होती. डॉक्टर म्हणाल्या, "कुठून तरी दूध जातंय." मी शपथेवर सांगितलं, घरात दुधाचा थेंब तिच्या पोटात जात नाही. सासूबाईंनीही सांगितलं. दोघी खरं बोलत होतो.

तीर्थ

नवीन लूम बसवला म्हणून कारखान्यात सत्यनारायण घातला. त्या दिवशी लूम बंद, सगळे धुऊनपुसून, हार घालून. वैशूसाठी मी शिरा वेगळा केला, तेलावर, पाण्यातला. तो वेगळ्या डब्यात, डबा माझ्या कमरेशी. येणाऱ्या प्रत्येकीला बजावत होते, हिला काही देऊ नका. मी इतका पहारा ठेवला होता की देवालाही पोरीजवळ जायला माझी परवानगी लागली असती.

आरती झाली. मी पानं मांडायला वळले. परत फिरले तर वैशू सासूबाईंच्या मांडीवर, आणि तिचा वरचा ओठ जाड. मी बघत असताना तो आणखी जाड झाला. मग डोळे. मग मानेवर गांध्या, एकमेकींत मिसळत जाणाऱ्या. ती रडत नव्हती. रडायला लागणारा श्वासच तिच्याकडे नव्हता.

मी ओरडले नाही.  ह्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, पोरीला उचललं आणि अनवाणी रस्त्यावर जाऊन रिक्षाच्या आडवे उभे राहिले.

त्या रिक्षात मला एकच भीती होती आणि ती साधी होती. ही आता माझ्या मांडीवर मरणार. इथे वाढवलेलं काही नाही.

डॉक्टरांनी हातातलं मूल बाजूला ठेवून इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली. आम्ही तिघं भिंतीला लागून उभे. हळूहळू पोरीची छाती सावकाश हलायला लागली, आणि मग ती रडली. इतकं सुंदर, बेसूर, मोठ्यानं रडणं मी त्या आधी ऐकलं नव्हतं. सिस्टर म्हणाली, "रडू दे, रडू दे," आणि स्वतःच डोळे पुसायला लागली.

करंगळी

डॉक्टर बाहेर आल्या. "काय दिलं?"

"काय न्हाय दिला," सासूबाई म्हणाल्या. "परसाद न्हाय, काय न्हाय. नुसता तीर्थ दिला पलीभर."

"तीर्थात काय असतं, आजी?"

सासूबाईंनी अंगठा करंगळीवर टेकवला, पाच जिन्नस मोजायला. "दूद," म्हणाल्या, आणि अंगठा तिथंच राहिला.

पुढचं बोट आलंच नाही. त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. तीर्थाला कोणी दूध म्हणतं का? माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. ते पोटात जातं असं कोणी धरतच नाही, तळव्यावर घ्यायचं, ओठाला लावायचं, उरलेलं डोक्यावरून फिरवायचं.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसल्या. "आजी, दुपारी तिला काय भरवता?"

"भात. घरचा ताक घालून."

"ताक?"

"ताक म्हंजे काय दूद हाय?" सासूबाई अगदी हळू म्हणाल्या. "आनि वर जरासा तूप. हिनी सांगितला, दूद बंद. मी दूद बंद केला. किटली आनायची पन बंद केली."

"आणि खालांकडून येतं ते नारळाचं?"

"छ्या. ता कसा देनार? ता तर नारलाचा *दूद*. रोज मोरीत ओतला."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आमचे हे, जे कधी हसत नाहीत, ते भिंतीकडे तोंड करून हसायला लागले, आणि ते हसणं मधेच कधी दुसरंच काही झालं ते मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं. म्हणजे जे विष ते भातात कालवून दिलं जात होतं, आणि जे चाललं असतं ते मोरीत जात होतं; आणि सगळं अगदी इमानदारीत, माझ्या दोन शब्दांना जागून.

मी सासूबाईंजवळ बसले.  त्यांनी विचारलं, "सुलोचने, आता म्हशी इकू काय गं?"

"नको," मी म्हटलं. "चंद्रीनं काय केलंय?"

खाट

थोडे दिवस वैशूला तिथेच ठेवलं. सकाळी फिनेलचा वास, मग थर्मामीटर, मग शेजारच्या खाटेवरच्या मुलाची मावशी बिस्किटाचा पुडा पुढे करणार, मी "नको" म्हणणार, ती "एकानं काय होतंय" म्हणणार. रोज. नातेवाइकांसाठी यायचा तो चहा इतका पांचट होता की कपाचा तळ वाचता यायचा. तोही मी दूध न घालता मागायला लागले, कारण वैशू कपात बोट बुडवायची. कोरा चहा तेव्हापासून लागला तो लागलाच.

सासूबाई दाराशी बसून राहायच्या, आत यायच्या नाहीत. तिसऱ्यांदा हाक मारल्यावर म्हणाल्या, "मी धार काडून आलीय. माजे हाताला वास हाय." दुसऱ्या दिवशी आल्या त्या नळावर कोपरापर्यंत हात धुऊन, पिशवीतलं दुसरं लुगडं नेसून. धारेचं लुगडं वेगळं आणि नातीचं वेगळं. कोणी सांगितलं नव्हतं. मग आत आल्या, पोरीला घेतलं आणि तिला म्हणाल्या, "आयक. जनावराचा तुला न्हाय चालत. झाडाचा चालतं. जनावराचा न्हाय, झाडाचा हां."

दूध हा शब्दच त्यांनी मोडीत काढला आणि त्याचे दोन केले. डॉक्टर राउंडला आल्या होत्या. म्हणाल्या, "आजी, हे मी इतरांना सांगू?"

"सांग. फकस्त सोया सोडून, ता पन सांग."

एका वेळी एक

पुढचं ऐकायला कंटाळवाणं आहे, पण उपयोगाचं तेवढंच आहे.

कापडात दोष आला की आमचे हे ताणा, बाणा, धोटा सगळं एकदम बदलत नाहीत. एक गोष्ट बदलायची, हातभर विणायचं, बघायचं. नाहीतर दोष कशानं गेला ते कळत नाही आणि कशानं आला तेही. वैशूचं खाणं ह्यांनी असंच लावायला सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, मी हेच सांगणार होते. एक नवा जिन्नस, तोही थोडासा, आणि मग काही दिवस नुसतं बघायचं. ह्याच रीतीनं डॉक्टरांनी सोयाही पुन्हा एकदा आपल्या समोर देऊन पाहिला, न जाणो ताकाचं पाप त्याच्या माथी आलं असेल. नव्हतं आलं. सोया खरंच चालत नव्हता.

नारळाचं दूध चाललं. पोर गुबगुबीत दिसायला लागली तशी मी नारळावरच भर दिला, तेव्हा डॉक्टर रागावल्या: ह्यात स्निग्ध आहे, पण हाडामासाला लागतं ते फार नाही, हे दुधाच्या जागी धरू नका. मग नाचणीची पेज. मुगाचं वरण. अंडं. तीळ कुटून भाकरीत. मांदेली मासळी कडक तळून काट्यासकट कुटलेली, ती सासूबाईंची युक्ती. शेंगदाण्याला मी सगळ्यात जास्त घाबरले होते, तो डॉक्टरांच्या दवाखान्यातच बसून दिला. चालला. कॅल्शियमचं औषध वेगळं होतंच. आमच्या वैशूला चाललं ते तुमच्या मुलाला चालेलच असं नाही, म्हणून ही यादी उचलू नका. रीत उचला, आणि काटा डॉक्टरांच्या हातात असू द्या.

सगळ्यात अवघड होतं ते घराबाहेर. लग्नात, बारशाला, हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, "हिची आई फार कौतुकं करते, थोडं खाल्लं की सवय होईल." मी पूर्वीसारखी भोपळे-टोमॅटो सांगायला गेले की त्या हसायच्या. मग मी डॉक्टरांसारखं सांगायला शिकले: वरचा ओठ, मग डोळे, मग श्वास. एवढंच. हळू आवाजात. बायका वाटी मागे घ्यायच्या. आमचे हेही वैशूबद्दल मी काही म्हटलं की वटाव कापेनासे झाले. बाकी सगळ्यावर कापतात.

सत्यनारायणाच्या तीर्थाचंही जमलं. सासूबाईंनीच भटजींना गाठलं. ते म्हणाले, नारळाचं पाणी तिच्यासाठी वेगळ्या पळीनं. "देवाला चालतं?" "देवाला सगळं चालतं, आजी. पोरीला काय चालतं ते बघा."

पेला

वैशू शाळेत जायला लागली. कोणी काही खायला दिलं की ती मान वर करून विचारायची, "जनावराचं की झाडाचं?" बाई गोंधळायच्या. एका मावशींनी तर पेढ्याकडे बघून बराच वेळ विचार केला.

मग डॉक्टर म्हणाल्या, काही मुलांचं हे वाढत्या वयात जातं, बघूया. घरी नाही, दवाखान्यात, इंजेक्शन भरून शेजारी ठेवून. पहिला थेंब ओठाला लावला तेव्हा मी तिच्या वरच्या ओठाकडे असं बघत होते की तो नुसत्या बघण्यानं सुजला असता. नाही सुजला. मग चमचा. मग दुसऱ्या खेपेला दोन. असं पुष्कळ खेपा. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "आता घरी पेला द्या."

सासूबाईंना निरोप गेला. त्या शेलारहून आल्या, किती वर्षांनी हातात किटली घेऊन. चंद्री तेव्हा नव्हती, तिच्या आता म्हैस झालेल्या रेडीचं दूध होतं. शुक्रवार मुद्दाम धरला होता, लूम बंद. सासूबाईंनी देवाला दिवा लावला, दूध गाळलं, कोमट केलं, पेल्यात ओतलं. पेला वैशूच्या हातात दिला आणि आम्ही तिघं कान लावून बसलो.

वैशूनं एक घोट घेतला. गिळला. ऐकायला काहीच नव्हतं. खालून गल्लीतल्या नळाचा आवाज तेवढा येत होता. मग तिनं नाक मुरडलं.

"वास येतो. आजी, मला झाडाचं दे ना."

 मला वाटलं, सासूबाई आता रडतात. पण त्यांनी पेला तिच्या हातातून घेतला, स्वतः एका दमात पिऊन टाकला आणि पदरानं तोंड पुसलं. "बरा लागतं," म्हणाल्या, कोणालाच नाही.

वैशूनं हात वर केले, उचलून घे म्हणून.

"थांब," त्या म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन धारेचं लुगडं बदलायला आत गेल्या.